एक फेरी जास्तीची

फिलाडेल्फियात राहणाऱ्या किंवा वीकएंडला तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींना रिटनहाउस स्क्वेअर चांगलाच ठाऊक आहे. मोठमोठी झाडं, बाकांवर पुस्तक घेऊन बसलेली माणसं, भोवती महागडी हॉटेलं. पार्किंग मिळत नाही म्हणून आपण तिथे हमखास वैतागतो. पण हा रिटनहाउस कोण, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. मीही बरीच वर्षं त्यांच्यातलाच होतो. मला तो भेटला तो आमच्या किचन टेबलावर, दोन क्वार्टरच्या निमित्ताने.

तेव्हा मुलगी एस.ए.टी.ची तयारी करत होती. एका रविवारी तिने माझ्यासमोर दोन क्वार्टर ठेवले. एक बोटाने घट्ट दाबून धरायचा, दुसरा त्याच्या कडेकडेने, जराही घसरू न देता, गोल फिरवत मूळ जागी आणायचा. तेवढ्यात फिरणाऱ्या नाण्यावरचे वॉशिंग्टनसाहेब स्वतःभोवती किती वेळा फिरतील, हा प्रश्न. मी इंजिनिअर माणूस. दोन्ही नाण्यांचा परीघ सारखा, म्हणजे एकदाच, असं सांगून मोकळा झालो. तिने नाणं फिरवून बघायला सांगितलं. आणि काय आश्चर्य! अर्ध्या वाटेवरच वॉशिंग्टनसाहेब डोकं वर करून सरळ उभे. पूर्ण फेरीत ते दोनदा फिरले.

वाचकहो, तुम्हीही करून बघा. क्वार्टरच्या कडेला ११९ खाचा असतात, त्यामुळे नाणी एकमेकांत छान अडकतात आणि घसरत नाहीत.

ही जास्तीची फेरी आली कुठून? आपल्याला ती देवळात सापडेल. देवाला उजव्या हाताशी ठेवून आपण प्रदक्षिणा घालतो. जागच्या जागी गिरकी काही घेत नाही, सरळ चालत असतो. तरी सुरुवातीला दक्षिणेकडे असलेलं तोंड मग पश्चिमेकडे, उत्तरेकडे, पूर्वेकडे होत पुन्हा दक्षिणेकडे येतं. म्हणजे एका प्रदक्षिणेत आपण स्वतःभोवतीही एकदा फिरलेलो असतो, फक्त ते आपल्याला जाणवत नाही. नाण्याचं तेच. परीघावरून गडगडण्याची एक फेरी आणि प्रदक्षिणेची एक. नियम सोपा आहे. मोठ्या वर्तुळाचा परीघ लहान वर्तुळाच्या जितका पट, तितक्या फेऱ्या आणि वर एक. लहान वर्तुळ मोठ्याच्या आतून फिरवलं, तर मात्र एक वजा.

हा नियम भल्याभल्यांना चकवतो. १९८२ सालच्या एस.ए.टी.मध्ये असाच प्रश्न होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, तर लहान वर्तुळ मोठ्याभोवती फिरून येताना स्वतःभोवती किती फेऱ्या घेईल? परीक्षकांच्या मते उत्तर ३. खरं उत्तर ४, आणि ते दिलेल्या पाच पर्यायांत नव्हतंच! सुमारे तीन लाख मुलांनी तो पेपर दिला होता. तीन विद्यार्थ्यांनी चूक दाखवून दिली आणि तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला.

एवढी शहाणी माणसं का चुकली? त्यांनी फेऱ्या मोजल्या त्या दोन वर्तुळं जिथे टेकतात त्या जागेवरून. बाहेर, टेबलापाशी उभं राहून मोजल्या नाहीत. अशी चूक ज्याच्या हातून होऊन चालणारच नव्हतं, असा एक माणूस याच देशात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो चाकांचा कारागीर होता, आणि पुढे या देशाच्या टांकसाळीचा पहिला प्रमुख झाला. तोच डेव्हिड रिटनहाउस.

डेव्हिडचा जन्म ८ एप्रिल १७३२ चा, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन भागातला. घराणं कागदवाल्यांचं. त्याच्या पणजोबांनी, म्हणजे विल्यम रिटनहाउस यांनी, १६९० साली तिथल्या ओढ्याकाठी ब्रिटिश वसाहतींतली पहिली कागदगिरणी उभारली. हे पणजोबा जर्मन मुलखातून हॉलंडमार्गे इथे आले. म्हणजे आपल्यासारखेच स्थलांतरित! वडील मात्र शेतीकडे वळले आणि नॉरिटन या गावी शेत घेऊन राहिले. डेव्हिडनेही शेतीच करावी अशी त्यांची इच्छा होती.

पण मुलाचं लक्ष औतावर नव्हतं. बाराएक वर्षांचा असताना त्याचा सुतारकाम करणारा मामा वारला आणि मामाची हत्यारांची पेटी आणि काही गणिताची पुस्तकं भाच्याकडे आली. कॉलेज सोडा, धड शाळाही त्या मुलाच्या वाट्याला आली नाही. ती पेटी हीच त्याची शाळा. नांगरट करताना नांगराच्या रुमण्यावर आणि कुंपणाच्या फळ्यांवर तो खडूने आकडेमोड करायचा, असं घरचे सांगत. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने लाकडी घड्याळ बनवलं. एकोणिसाव्या वर्षी वडिलांनी हार मानली आणि रस्त्याच्या कडेला छोटंसं दुकान घालायला परवानगी दिली. तिथे तो लंबकाची घड्याळं बनवू लागला. रात्री न्यूटन वाचायचा.

त्याला पुस्तकं पुरवली ती टॉमस बार्टन याने. हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून आलेला तरुण, पुढे धर्मोपदेशक आणि डेव्हिडचा मेहुणा झाला. शिकलेला मेहुणा आणि न शिकलेला घड्याळजी यांची दोस्ती जन्मभराची वाटत होती. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

घड्याळ म्हणजे तरी काय? एका वर्तुळाने दुसऱ्याला फिरवणं. त्यात चाकांच्या दात्यांचा आकार महत्त्वाचा. दाते कसेही कापले तर चाकं अडखळत फिरतात. एका वर्तुळाच्या कडेवर ठिपका काढून ते दुसऱ्याभोवती फिरवलं, तर तो ठिपका हवेत एक कमानदार रेषा काढतो. दात्यांना त्या रेषेचा बाक दिला तर एक चाक दुसऱ्याला सारख्या वेगाने ढकलतं, हे युरोपातल्या गणितींनी सतराव्या शतकात शोधलं होतं. दोन क्वार्टरच्या बाबतीत हीच रेषा बदामाच्या आकाराची होते. हिची बहीण तुम्ही रोज बघता. स्टीलच्या पेल्यातल्या चहावर खिडकीतल्या उन्हाची जी दोन कमानींची चकाकती रेघ पडते, ती लहान वर्तुळ आपल्या दुप्पट मोठ्या वर्तुळाभोवती फिरलं की उमटणाऱ्या रेषेचा भाग असते.

१७६७ साली, पस्तिसाव्या वर्षी, रिटनहाउसने मोठं काम हाती घेतलं. ते म्हणजे ऑररी, पितळी चाकांवर चालणारी ग्रहमाला. इंग्लंडमध्ये अशी यंत्रं होती, पण त्यांतली बरीचशी दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवायची खेळणी. रिटनहाउसला खेळणं नको होतं. मूठ फिरवून काटे पाच हजार वर्षं मागे किंवा पुढे नेले, तरी त्या दिवशी ग्रह आकाशात जिथे असतील तिथेच यंत्रातही दिसले पाहिजेत, असा त्याचा हट्ट. मध्यभागी सूर्य आणि ग्रह, एका बाजूला गुरू आणि शनी आपापल्या चंद्रांसह, दुसऱ्या बाजूला आपला चंद्र आणि ग्रहणं.

अडचण कुठे येते बघा. गुरूला सूर्याभोवती जायला ११.८६ वर्षं लागतात, शनीला २९.४६. चाकाला दाते मात्र पूर्णच असावे लागतात. पावणेबारा दात्यांचं चाक नसतं! मग ८३ आणि ७ अशा जोड्या शोधायच्या, कारण ८३ भागिले ७ म्हणजे ११.८६ च्या अगदी जवळ. आणि जे चाक स्वतः दुसऱ्याभोवती नेलं जातं, त्याच्या हिशेबात आपली ती जास्तीची फेरी आपोआप शिरते. ती विसरली की ग्रहाचं गणित पहिल्याच वर्षी चुकतं. कागदावरची चूक लपते, पितळेतली लपत नाही.

पृथ्वीच बघा ना. वर्षात दिवस ३६५ आणि पाव. पण ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वी स्वतःभोवती ३६६ आणि पाव वेळा फिरते. सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेतली एक फेरी आपल्या कॅलेंडरात दिसतच नाही. आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास एका महायुगातल्या पृथ्वीच्या फेऱ्या दिल्या १,५८,२२,३७,५००, आणि दिवस धरले १,५७,७९,१७,५००. वजाबाकी करा. उत्तर येतं ४३,२०,०००, म्हणजे नेमकी महायुगातली वर्षं. दर वर्षाला एक फेरी जास्तीची! पुढे १७८१ साली इंग्लंडात जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनात सारख्या आकाराची दोन दातेरी चाकं अशीच एकाभोवती एक फिरवली आणि दट्ट्याच्या एका फेऱ्याला मधल्या चाकाच्या दोन फेऱ्या मिळवल्या.

ऑररीचं काम चालू असतानाच रिटनहाउसला आकाशाचं बोलावणं आलं. ३ जून १७६९ ला शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. आपण २००४ आणि २०१२ मध्ये पाहिलं तेच शुक्राचं अधिक्रमण. यापुढचं थेट २११७ साली. जगभरातून त्याची अचूक वेळ टिपली तर सूर्याचं अंतर काढता येणार होतं. रिटनहाउसने नॉरिटनच्या शेतात लाकडी ओंडक्यांची वेधशाळा बांधली, स्वतःचं घड्याळ लावलं. शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या कडेला टेकला आणि आयुष्यभर वाट पाहिलेला तो क्षण त्याला झेपेना. भावनावेगाने त्याला भोवळ आली, असं त्याच्या मित्रांनी पुढे सांगितलं. सावरून त्याने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. ही निरीक्षणं युरोपात नावाजली गेली आणि नॉरिटनच्या घड्याळजीचं नाव समुद्रापार पोचलं.

ऑररीवरून पुढे दोन कॉलेजांत चढाओढ लागली. फिलाडेल्फियाचं कॉलेज ती आपलीच म्हणून धरून चाललं होतं, आणि प्रिन्स्टनच्या अध्यक्षांनी येऊन सौदा करून टाकला. फिलाडेल्फियाकर रुसले. बिचाऱ्या रिटनहाउसने दुसरी ऑररी करून दिली.

१७७० साली तो कुटुंबासह फिलाडेल्फियात राहायला आला. आता कीर्ती होती, कामं होती. पण १७७१ च्या सुरुवातीलाच बायको एलेनॉर बाळंतपणात गेली. मूलही वाचलं नाही. मागे दोन लहान मुली. पोटाच्या दुखण्याने तो तरुणपणापासूनच त्रस्त होता, त्यात हे दुःख. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याने हॅना जेकब्ज हिच्याशी लग्न केलं.

फेब्रुवारी १७७५ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याचं खगोलशास्त्रावर व्याख्यान झालं. ग्रहताऱ्यांबद्दल बोलता बोलता तो पृथ्वीवर आला. नुसत्या कातडीच्या रंगावरून माणसाला गुलाम करणाऱ्यांवर त्याने टीका केली. इतर ग्रहांवर कोणी राहत असतील तर ते आपल्या आवाक्याबाहेर आहेत हे त्यांचं भाग्यच, अशा अर्थाचं बोलला. गुलामगिरी आजूबाजूला सर्रास असतानाच्या काळातली ही गोष्ट.

दोन महिन्यांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि दुर्बिणीवर पडदा पडला. गोळ्यांसाठी शिसं हवं होतं. शिसं कुठे? घरोघरच्या घड्याळांच्या वजनांत! ती गोळा करून बदल्यात लोखंडी वजनं द्यायचं काम समितीने रिटनहाउस आणि त्याच्या एका सहकाऱ्याकडे सोपवलं. ज्याने आयुष्यभर घड्याळं बनवली, त्यानेच ती उघडून शिसं काढून घ्यायचं. त्याला काय वाटलं असेल? पण काम त्याने केलं.

युद्धाने घरही दुभंगलं. मेहुणा बार्टन राजनिष्ठ राहिला. नव्या सरकारची शपथ घ्यायला नकार देऊन १७७८ मध्ये तो न्यूयॉर्कला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि १७८० मध्ये वारला. ज्याने न्यूटन आणून दिला, तो मित्र असा गेला.

रिटनहाउस १७७७ पासून १७८९ पर्यंत पेन्सिल्वेनियाचा खजिनदार होता. बारा वर्षं हिशेबवह्यांत! मधून मधून राज्यांच्या सीमा आखायला रानावनात जायचं. १७८४ मध्ये मेसन-डिक्सन रेषेचा पश्चिमेकडचा उरलेला भाग पुरा करणाऱ्यांत तो होता. चोरलेल्या वेळात त्याने जे केलं तेही थोडं नव्हे. १७८५ च्या सुमारास बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर समांतर केस ताणून त्याने प्रकाश फोडून रंग वेगळे करण्याची जाळी बनवली. या साधनाचा जगातला हा अगदी सुरुवातीचा नमुना. जेफर्सनने तर आपल्या पुस्तकात अमेरिकेची बुद्धिमत्ता दाखवायला तीन नावं दिली, वॉशिंग्टन, फ्रँकलिन आणि रिटनहाउस. फ्रँकलिननंतर फिलॉसॉफिकल सोसायटीचं अध्यक्षपद त्याच्याकडेच आलं.

१७९२ साली वॉशिंग्टनने त्याला टांकसाळीचा प्रमुख नेमलं. वय साठ, प्रकृती तोळामासा. त्याला नको होतं, पण नाही म्हणवेना. घराजवळच सेव्हन्थ स्ट्रीटवर जुनी भट्टी पाडून टांकसाळ उभी राहिली. नव्या केंद्र सरकारने बांधलेली ही पहिली इमारत. जुलै १७९२ मध्ये चांदीची सुमारे १५०० छोटी नाणी पाडली गेली. मार्च १७९३ मध्ये तांब्याचे ११,१७८ सेंट बाहेर पडले. त्याच वर्षी शहरात पिवळ्या तापाची साथ आली, टांकसाळ बंद ठेवावी लागली आणि रिटनहाउसचा जावई त्या साथीत गेला. १७९४ मध्ये पहिले चांदीचे डॉलर आले, फक्त १,७५८. त्यांतला एक २०१३ साली लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेला!

१७९५ मध्ये प्रकृतीपुढे हात टेकून त्याने राजीनामा दिला. २६ जून १७९६ ला तो गेला. त्याला पुरलं ते घरच्या बागेत, त्याच्याच वेधशाळेत. जिथे बसायला जन्मभर सवड मिळाली नाही, तिथे अखेर जागा मिळाली. पुढे त्याचे अवशेष चर्चच्या दफनभूमीत हलवले. १८२५ मध्ये शहराने एका चौकाला त्याचं नाव दिलं. तोच आपला रिटनहाउस स्क्वेअर.

ऑररींचं काय झालं? फिलाडेल्फियाची पेन्सिल्वेनिया विद्यापीठाकडे आहे. प्रिन्स्टनच्या ऑररीला युद्धात सैनिकांच्या हातून इजा झाली. १८९३ मध्ये ती शिकागोच्या प्रदर्शनाला गेली आणि त्यानंतर बेपत्ता झाली. १९४८ साली ती सापडली, प्रिन्स्टनच्याच एका तळघरात, खोक्यात बंद. आपल्या तळघरात नाही का, इंडियातून आणलेलं सामान वीस वर्षं न उघडता पडून असतं!

एखादा म्हणेल, या माणसाने आयुष्य वाया घालवलं. खजिना, सीमा, टांकसाळ यांभोवती फिरत राहिला आणि आवडीचं काम राहून गेलं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मग ते दोन क्वार्टर आठवतात. नाणं जिथे टेकलेलं असतं तिथून मोजलं तर एकच फेरी दिसते. जरा दूर उभं राहून पाहिलं की दुसरीही दिसते. रोजच्या कर्तव्याभोवती फिरताना रिटनहाउसचीही ती दुसरी फेरी चालूच होती. त्याला स्वतःला ती कधी दिसली की नाही, कोण जाणे.

आपणही इथे येऊन नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा यांभोवती फिरत राहिलो. केव्हातरी हिशेब करायला बसलो की वाटतं, एवढंच? असं वाटलं तर मोजण्याची जागा जरा बदलून बघावी.

या दिवाळीत फराळ झाला की मुलांपुढे दोन क्वार्टर ठेवा. उत्तर सांगू नका. फिरवू द्या त्यांना. आणि पुढच्या वेळी त्या चौकात पार्किंग शोधत गोल गोल फिरताना, त्या घड्याळजीची आठवण ठेवा.